प्रत्येक कागदात कडुलिंब

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं, मी बारामतीच्या शाळेत मास्तर होतो. सुट्टीत सणसरला घरी आलो की कालव्याच्या कडेची गवतं उपटायची, रद्दीत दाबून वाळवायची आणि जाड कागदांवर चिकटवायची, हा माझा नाद. गावात सगळे हसायचे, "मास्तर गवत जपतोय अन् म्हस हंबरतीय!"

माझ्या गठ्ठ्यांना कुणी बोट लावलेलं मला खपत नसे. आई मात्र ज्वारीच्या कणगीत घालायची तसाच कडुलिंबाचा पाला माझ्या कागदाकागदात सरकवायची. मी चिडून तो फेकून द्यायचो. ती पुन्हा घालायची. "तुझ्या गवताला किडा लागत न्हाय व्हय?"

एकदा पुण्याहून एक संशोधक ही गवतं अभ्यासायला घरी आले. मी गठ्ठे सोडले खरे, पण त्यांच्या डोक्यावरच उभा राहिलो. "हळू! कागद वाकवू नका!" बिचारे जपून जपून एकेक कागद उलटत होते. शेवटी म्हणाले, "कमाल आहे, कुठं एक भोक नाही. पण प्रत्येक कागदात हा कडुलिंब कसा? त्याची नोंद तर दिसत नाही."

"तो नमुना नाही," मी म्हणालो, "ती आमची आई आहे."