बिनमिठाची पुण्यतिथी

पार्बताकाकूंना भाषण ऐकू आलं की हटकून मिरच्या कुटायची आठवण व्हायची. पुढच्या खोलीत त्यांच्या यजमानांच्या फोटोला सुताचा हार पडायचा, टकळ्या फिरायच्या, अध्यक्ष 'त्यागमूर्ती' या शब्दापर्यंत पोचायचे आणि नेमका तेव्हाच मागच्या पडवीत खलबत्ता सुरू व्हायचा. ठसका सावकाश दारातून पुढे यायचा आणि त्यागमूर्ती अर्ध्यावरच शिंकेत अडकायची. सगळी सभा शिंकू लागली की काकू आतून विचारायच्या, "काऊन जी, रडून राह्यले का सारे? रडा, रडा. आजच रडायचं असते."

सेलूत त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून होतं. यजमान नामदेवजी मिठाचा कायदा मोडून तुरुंगात जाऊन आलेले. स्वराज्य आलं आणि दोन-तीन वर्षांत ते वारले. गावातल्या खादीधाऱ्यांनी ठरवलं, नामदेवजींचं श्राद्ध घालायचं नाही, पुण्यतिथी करायची. मी सुधारकांची पत्रकं वाचत मोठा झालेला. मला हा बदल फार आवडला. मग पाहिलं तर भटजी जाऊन अध्यक्ष आले होते आणि मंत्रांच्या जागी भाषण आलं होतं. ते मंत्रांइतकंच कोणाला कळत नसे आणि मंत्रांहून लांब असे. जेवण मात्र खरोखर बदललं होतं. श्राद्धाला निदान वडे असतात. इथे पत्रावळीवर उकडलेली लवकी, म्हणजे दुधी, कोरडी भाकर आणि कडुनिंबाची चटणी पडायची. कशातच मीठ नाही. का, तर नामदेवजींचं अळणी व्रत होतं!

हे व्रत कुठून आलं ते काकूंनीच मला सांगितलं. शेवटच्या आजारात नामदेवजींच्या पायांना सूज आली, म्हणून वर्ध्याच्या डॉक्टरांनी मीठ बंद केलं. त्याच दिवसांत केशवरावजी भेटायला आले. हे पुढे पुण्यतिथी समितीचे अध्यक्ष झाले. त्यांनी नामदेवजींना अळणी भाजी खाताना पाहिलं, हात जोडले आणि गावभर सांगितलं की महात्म्यानं चव जिंकली. "चव जिंकली!" काकू म्हणायच्या. "थाळी पाहून मले शिव्या देत. केशवरावजींची पाठ फिरली अन् यायनं गादीखालून लोणच्याची फोड काढली. मरेपर्यंत मीठ मांगत होते बाप्पा. मी देल्लं नाई. डॉक्टरचं आयकलं." एवढं बोलून त्या पदर तोंडाला लावायच्या आणि लगेच माझ्यावर घसरायच्या, "तू काय पाह्यतं रे पत्रकवाल्या? चाल, पानी भर."

मी म्हणालो, काकू, हे मी लिहितो, छापतो, यांचा बुरखा फाडतो. त्या हसल्या. "लिहू नको. कागदाले चव नसते. मानसाची याद जिभेवर ठेवा लागते."

तीन-चार पुण्यतिथ्या अशा शिंकांत पार पडल्या. मग समितीला स्मारक सुचलं. जिवंत माणसाला जागा द्यायला कुरकुरणारं गाव मेलेल्यासाठी घर शोधायला निघालं की कसं उत्साहात असतं! काकूंना मूलबाळ नव्हतं. केशवरावजी येऊन म्हणाले, "काकू, पुण्यतिथीच्या दिवशी जाहीर करतो. घराचं स्मृतिमंदिर होईल. तुमी आष्टीले भावाकडे आरामात राहा. फक्त चूल काढा लागंन. पवित्र जागेत फोडणीचा वास बरा नाई दिसत."

काकूंनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, "जाहीर करजा. पन यंदाचा सैपाक मी करतो. शेवटचा."

पुण्यतिथीला खलबत्ता वाजला नाही. भाषण पहिल्यांदाच शेवटपर्यंत झालं, आणि ते किती लांब आहे हे गावाला पहिल्यांदाच कळलं. मग पंगत बसली. काकूंनी स्वतः वाढायला घेतलं. पत्रावळीवर भात पडला आणि द्रोणात लाल तर्रीचा रस्सा. त्यात बेसनाच्या पाटोड्या तरंगत होत्या.

केशवरावजींचा हात थांबला. "काकू, हे काय? आज त्यायचं व्रत..."

काकू पळी हातात घेऊनच उभ्या राहिल्या. "केशवरावजी, हा मानूस जेलात कायच्यासाठी गेलता?"

"मिठासाठी."

"अन् तुमी त्याच्या नावानं दरसाल अळणी जेवता! याच चुलीवरचा हा रस्सा जेलातून आल्यावर त्यायनं पयल्यांदा मांगला. व्रताची थाळी मी वाढत होतो, मले मालूम कसं व्रत होतं. जेवा आता. त्यायची याद कराची ना? करा."

बघू म्हणून कोणीतरी एक घास घेतला. मग भुरके ऐकू येऊ लागले. खादीच्या टोप्या घामानं ओल्या झाल्या, नाकं वाहू लागली, आणि नामदेवजी कसे हसायचे, बैलबाजारात कसे भांडायचे, हे लोक एकमेकांना सांगू लागले. इतक्या पुण्यतिथ्यांत मेलेल्या माणसाविषयी खरं बोलणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. केशवरावजींनी द्रोण तीनदा पुढे केला. शेवटी ते घोषणा करायला उठले, पण तोंड इतकं भाजलं होतं की आवाज फुटेना. "स्मारकाचं... पुढे पाहू," ते म्हणाले. "चूल राहू द्या. पानी आना कोनी."

चूल राहिली आणि काकूही राहिल्या. पुढे दर पुण्यतिथीला अध्यक्षांचं भाषण आखूड होत गेलं, कारण त्यांचं अर्धं लक्ष स्वयंपाकघरातून येणाऱ्या वासाकडे असे.

गेल्या वर्षी काकू गेल्या. तेरावा होताच समितीनं घर ताब्यात घेतलं आणि चूल फोडून तिथे दोन फोटो ठेवले. परवा काकूंची पहिली पुण्यतिथी झाली. छापील आमंत्रणावर लिहिलं होतं, 'पतीचे अळणी व्रत अखेरपर्यंत पाळणाऱ्या साध्वी'. पंगतीत लवकी आली. तीच, उकडलेली, पांढरी. माझ्या डोक्यात एक अख्खं जळजळीत पत्रक तयार झालं होतं. पण कागदाला चव नसते.

मी भर पंगतीत ओरडलो, "मीठ वाढा!"

वाढपी जागीच थबकला आणि अध्यक्षांकडे पाहू लागला. केशवरावजींनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंच्या फोटोकडे. मग पत्रावळीवर नजर लावून हळूच म्हणाले, "जा रे, घेऊन ये. अन् आधी इकडे वाढजो."