तेरा अधिक एक

शालिग्राम निखाडे भेटले की पाचव्या मिनिटाला माणूस घड्याळ बघायला लागतो. ते फार बोलतात असं नाही. पण तुम्ही निघालात की म्हणतील, "थांबा. चाबी घेतली? चष्मा? गॅस बंद केला होता न?" सगळ्याची उत्तरं मिळाली की हात वर करून म्हणतील, "हां, निघा." आमच्या जबलपूरच्या विजय नगरमधल्या सकाळी फिरायला जाणाऱ्या टोळीत सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणतात. चौतीस वर्षं त्यांनी मालगाडीवर गार्डाची नोकरी केली. ती संपली आहे हे त्यांना अजून कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

त्यांचे वडील नागपूरच्या हायकोर्टात चपराशी होते. छप्पन साली राज्यांच्या सीमा बदलल्या, मध्य प्रदेशाचं हायकोर्ट जबलपूरला आलं आणि कागदांच्या पेट्यांबरोबर वडीलही आले. तिथल्या गढा भागात दोन खोल्या घेतल्या, तिथेच शालिग्राम जन्मले, वाढले आणि रेल्वेत लागले. दोन हजार एकवीस साली रिटायर झाले. पुढच्याच वर्षी रेल्वेनं गार्ड हे नावच बदलून ट्रेन मॅनेजर केलं. याचा त्यांना इतका राग आला की आठवडाभर फिरायला आले नाहीत.

आता ते मुलाच्या घरी राहतात. सकाळी नातवाची स्कूल व्हॅन आली की फाटकात उभे राहतात, पोरं नीट बसली का बघतात आणि हात वर करतात. व्हॅनवाला तोवर पुढच्या गल्लीत पोचलेला असतो. मुलगा ऑफिसला निघाला की तेच. सून एकदा मला म्हणाली, "आंटी, पापाजी को क्या चाहिए, समझ में नहीं आता." मला समजत होतं. निघण्याआधी कोणीतरी एकदा मागं वळून त्यांच्याकडं बघावं, एवढंच त्यांना हवं होतं. पण मी तीस वर्षं वीज मंडळात नोकरी केलेली बाई; दुसऱ्याच्या घरात नाक खुपसत नाही.

चोवीस सालच्या फेब्रुवारीत आमच्या टोळीनं श्रीलंकेची सहल ठरवली. सगळं जमवलं पुंडलिक सातपुतेंनी. त्यांचं कमानिया गेटजवळ कापडाचं दुकान आहे आणि तोंड दिवसभर चालू असतं. आम्ही चौदा जण झालो. गार्डसाहेब यायला तयार नव्हते. त्यांच्या बायकोचे, अंजनीबाईंचे, गुडघे गेलेले, त्या येणार नव्हत्या. पण त्यांनीच यांना ढकललं. मला म्हणाल्या, "न्या हो शैलजाताई यांना. आठ दिवस तरी माहं घर मले माह्या मनानं चालवू द्या."

कोलंबोला विमानतळावर आमचा गाइड उभा होता. त्याचं नाव सुनील. तिकडंही हे नाव असतं हे ऐकून पुंडलिकभाऊ एवढे खूश झाले की त्याला मिठीच मारली. सुनील हिंदी बोलायचा, सिनेमे बघून शिकलेली. ड्रायव्हरचं नाव बंडा. त्याला सिंहलीशिवाय काही येत नव्हतं, पण गाडी उत्तम चालवायचा. मला घाटात उलटी होते, म्हणून मी पहिल्या दिवसापासून पुढची सीट धरली. गार्डसाहेब कोणाला न विचारता सगळ्यात मागं जाऊन बसले.

पहिल्याच दुपारी घोळ झाला. आमच्यातली नंदा एका दुकानात छत्री घेत होती आणि बस सुटली. दहा हात गेली असेल, तेवढ्यात मागून गार्डसाहेब ओरडले. बंडानं करकचून ब्रेक लावला. नंदा घामाघूम होऊन चढली, हातात नवी जांभळी छत्री. पुंडलिकभाऊ उठून म्हणाले, "आजपासून गाडी गार्डसाहेबाच्या सिग्नलवर निघन! मंजूर?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती थट्टा होती. गार्डसाहेबांना ती थट्टा वाटली नाही.

त्यानंतर प्रत्येक थांब्यावर तोच सोहळा. सगळे बसले की गार्डसाहेब पुढून मागं जात प्रत्येक सीटवर बोट टेकवायचे, "एक, दोन, तीन..." शेवटी म्हणायचे, "तेरा. अधिक एक." मग मागच्या सीटवर जाऊन अंजनीबाईंनी दिलेला हिरवा रुमाल खिडकीतून हलवायचे. आणि बस निघायची.

"चौदा म्हणा न सरळ," मी पहिल्या दिवशी म्हटलं.

"नाही न ताई. मालगाडीले अठ्ठावन डबे असले, तर कागदावर अठ्ठावन अधिक एक लिवतेत. अधिक एक म्हणजे मागचा ब्रेकवॅन, गार्ड बसते तो डबा. म्हणजे गार्ड. त्याले डब्यात मोजत नाहीत. पण लिवल्याबिगर गाडी सोडत नाहीत."

त्या दिवशी जेवताना ते जरा बोलते झाले. लाल तांदळाचा भात समोर निवत होता. मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात पंखा नव्हता, दिवा नव्हता, संडास नव्हता, हे मला तेव्हा कळलं. एकटा माणूस, पुढं अर्धा मैल गाडी, आणि तोंड मागं. "ड्रायव्हर येणारं पाहाते," ते म्हणाले, "मी गेलेलं पाहातो. इटारसीपासून कटनीपर्यंत सगळं पाह्यलं मी, ताई. पण निंगून गेल्यावर." त्यात तक्रार नव्हती. नकाशावर बोट ठेवून सांगावं तसं सांगत होते.

मी पुढच्या सीटवर असल्यामुळं मला एक गोष्ट दिसत होती, जी मागच्यांना दिसत नव्हती. बंडा आरशात बघतच नव्हता. सुनील मागं एक नजर टाकायचा, मान हलवायचा, आणि बंडा गिअर टाकायचा. रुमाल नुसता मागं हलत असायचा. सुनीलनं मला डोळा मारून सांगितलंही होतं, "अंकल खुश, हम भी खुश." मी हसले होते.

सिगिरियाचा डोंगर चढून माझे पाय मोडून आले. दांबुल्लाच्या गुहा झाल्या, मसाल्यांची बाग झाली, तिथं प्रत्येकानं जबलपूरला मिळतं तेच दालचिनीचं तेल घेतलं. चौथ्या दिवशी कँडीला बुद्धाचा दात ठेवलेलं दंतमंदिर पाहून बसमध्ये बसलो तेव्हा ऊन असं होतं की सीटला हात लावता येत नव्हता. गार्डसाहेबांची मोजणी बारावर अडकली. आमच्यातली विनता फुलांच्या दुकानापाशी होती, काचेतून सगळ्यांना दिसत होती, चालत येत होती. तरी ते म्हणाले, "नाही. पुन्हा मोजाव लागन." आणि पुढून सुरू झाले. एक, दोन.

माझं डोकं फिरलं.

"गार्डसाहेब, पुरे करा," मी म्हटलं, आणि हळू आवाजात म्हटलं नाही. "काहून मोजून राहिले तुम्ही? तो ड्रायव्हर तुमच्या रुमालाकडं बघत पण नाही. सुनीलनं मान हलवली की निघतो. पहिल्या दिवसापासून. आम्ही सगळे तुमचं मन राखून राहिलो."

पुंडलिकभाऊ खिडकीबाहेर पाहायला लागले. गार्डसाहेबांनी आधी सुनीलकडं पाहिलं. सुनीलनं मान खाली घातली. मग ते म्हणाले, "अच्छा." रुमालाची चौकोनी घडी केली, वरच्या खिशात ठेवली आणि मागं जाऊन बसले. विनता चढली, बस निघाली.

मला तेव्हा वाईट वाटलं नाही. खरं सांगते, हायसं वाटलं. संध्याकाळी त्यांनी कोणाला चाबी विचारली नाही, चष्मा विचारला नाही. बाकीच्या बायका मला हळूच म्हणाल्या, बरं झालं कोणीतरी बोललं.

पाचव्या दिवशी कँडीहून नुवारा एलियाला निघालो. घाटात एका धबधब्यापाशी बस पंधरा मिनिटं थांबली. जबलपूरचा माणूस कुठलाही धबधबा बघून जे म्हणतो ते सगळ्यांनी म्हणून घेतलं: आपल्या धुआंधारसमोर हे काहीच नाही. फोटो काढले, रस्त्याकडेच्या बाईकडून उकडलेली कणसं घेतली, एकेक करून चढलो. सुनील फोनवर होता. माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, "दीदी, सब आ गए?"

मी मागं वळून बघितलं नाही. मान दुखत होती. आणि मोजणं या प्रकाराचाच मला कंटाळा आला होता. मी म्हटलं, "आ गए, आ गए. चलो."

पाऊण तासानं एका चहाच्या कारखान्यात उतरलो. सुनीलनं आधीच कळवून ठेवलं होतं, त्यामुळं साडी नेसलेल्या दोन मुली ट्रेमध्ये चौदा कप घेऊन आल्या. चहा कोरा होता, म्हणजे बिनदुधाचा, त्यावरून पुंडलिकभाऊंनी एक विनोद केला. सगळ्यांनी कप उचलले. एक कप ट्रेमध्ये राहिला.

"कोण नाही पिऊन राहिलं?" पुंडलिकभाऊंनी विचारलं.

मुलगी ट्रे धरून उभी होती. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. मग सगळ्यांनी एकदमच बसकडं पाहिलं. बसमध्ये कोणी नव्हतं.

त्यांचा फोन लावला, तो बंद. त्यांनी तिकडचं सिम घेतलंच नव्हतं; "मी तर सगळ्याच्या मागंच राहतो, मले काहून लागते," असं म्हणाले होते. परका देश, घाटाचा रस्ता, त्रेसष्ट वर्षांचा माणूस, पासपोर्ट सुनीलच्या बॅगेत. आणि आम्ही पाऊण तास गाणी म्हणत आलो होतो. एकानंही मागच्या सीटकडं पाहिलं नव्हतं. पाहायचं काम ज्याचं होतं त्यालाच मी सांगितलं होतं की तुमची गरज नाही. मला लाज वाटली, इतकी की कोणाच्या तोंडाकडं बघवेना.

सुनील म्हणाला, "आप लोग यहीं रुको, मैं लेके आता हूं." पण एकही जण थांबला नाही. चहा तसाच टाकून सगळे बसमध्ये बसले. परतीच्या रस्त्यावर पुंडलिकभाऊ, ज्यांचं तोंड झोपेतही चालतं, नुसते खिडकीतून रस्त्याची कड न्याहाळत बसले.

गार्डसाहेब तिथंच होते. जिथं बस उभी होती बरोबर तिथं, रस्त्याच्या कडेला, हात मागं बांधून. कणीसवाल्या बाईनं त्यांना प्लास्टिकचं स्टूल दिलं होतं. त्यावर ते बसले नव्हते. त्यावर नंदाची जांभळी छत्री ठेवली होती.

सुनील पळत गेला. "अंकल, सॉरी. बहुत सॉरी."

"कुठं गेला होता भौ तू?" पुंडलिकभाऊंनी विचारलं.

"खाली, पायऱ्याइकडं. आपलं कोणी राह्यलं का पाहाले गेलतो. ही छत्री भेटली." त्यांनी छत्री नंदाच्या हातात दिली. "वर येऊन पाह्यलं तर गाडी नाही. मंग इथंच उभा राह्यलो. गार्डानं जागा नाही सोडायची. गाडीले वापस याच लागते."

मग त्यांनी आमच्या सगळ्यांकडं पाहिलं. "सिग्नल कोणं देल्ला?"

सुनील बोलायला तोंड उघडत होता, मी त्याला हातानं थांबवलं.

"मी," मी म्हटलं. "मी म्हटलं, सगळे आले."

"मागं पाह्यलं होतं?"

"नाही."

"अच्छा," ते म्हणाले. कँडीला म्हणाले होते तसंच. आणि बसमध्ये चढून मागं जाऊन बसले.

आम्ही सगळे बसलो. सुनील दारापाशी उभा होता. त्यानं मान हलवली. बंडानं गिअर टाकला नाही. सुनीलनं त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं. बंडानं हात वर करून आरसा थोडा फिरवला आणि त्यात बघत बसला. आरशात मागची खिडकी दिसत होती. काय झालं आणि का झालं, हे त्या माणसाला आमची भाषा न येता आमच्याआधी कळलं होतं.

इंजिन नुसतं चालू होतं. मग मागं सीट करकरली. गार्डसाहेब उठून पुढं आले आणि माझ्या सीटपासून मागं निघाले. माझ्या खांद्याशेजारी सीटवर बोट टेकलं. "एक." पुंडलिकभाऊ, "दोन." नंदा, विनता. कोणी हललं नाही, शाळेत हजेरीला बसावं तसे सगळे ताठ बसले होते. आवाज मागं मागं जात होता. अकरा. बारा.

"तेरा," ते म्हणाले.

आणि थांबले. पुढचं बोलले नाहीत. मी वळून पाहिलं. ते मागच्या सीटपाशी पाठमोरे उभे होते, एक हात सीटच्या दांडीवर. रुमाल खिशातच होता.

मी उभी राहिले आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हटलं, "अधिक एक, गार्डसाहेब."

ते लगेच वळले नाहीत. मग म्हणाले, "हां. ते लिवाच लागते." खिडकीपाशी बसून त्यांनी रुमालाची घडी उलगडली, हात बाहेर काढला आणि हलवला.

बंडानं गाडी काढली.