फुकटची सावड

चांगलं काम करताना पकडला गेल्यावर आंबे चोरताना सापडल्यासारखा ओशाळणारा माणूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात एकच आहे, आणि तो माझा थोरला साडू. आमची दोन्ही घरं ख्रिस्ती. मी आटगावला राहतो, साडूभाऊ धसईजवळ भातशेती करतात. तारण फक्त विश्वासानं मिळतं, कर्मांनी नाही, यावर ते कुणाशीही ताटातलं जेवण निवेपर्यंत वाद घालतात. तत्त्वाला माझी हरकत नाही. पंचाईत एवढीच, की या माणसाचे हात स्वस्थ बसत नाहीत. उपासनेआधी चर्चचं अंगण गुपचूप झाडून ठेवणार तेच. एकदा पाळकांनी त्याबद्दल कौतुक केलं, तर हे भर उपासनेत उभे राहिले. "पाळकसाहेब, असं बोलून मला गर्वात पाडू नका!" धसईच्या बाजारात एका म्हातारीचं गाठोडं एसटीपर्यंत नेताना, या हमालीनं आपल्याला स्वर्ग मिळणार नाही, हे त्यांनी तिला वाटभर समजावलं. ती म्हणाली, "सर्गाचा मंग बघू रे बाबा, आदी गाठोडं नीट धर, टमाटी चेंगरतील." माझी मेहुणी याहून कडक. "विश्वास पोटात आहे, तर हातापायांत उतरायला नको?" असं विचारून ती त्यांच्याच हातात खराटा देते. मला दोघांचंही पटतं, म्हणून मी दोघांचीही बोलणी खातो.

एका लावणीला मात्र हा वाद शेतात उतरला. आमच्याकडे लावणीला सावड चालते, म्हणजे आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. साडूभाऊंच्या बांधाला लागून त्यांच्या लहानपणच्या दोस्ताचं शेत आहे. दोस्त हिंदू, देवभोळा, कमी बोलणारा. साडूभाऊ दिवसभर वाकून त्याची लावणी करून आले, आणि दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन सावड फेडायला आला, तर यांनी त्याला ओट्यावरूनच परत पाठवलं. "देवाची कृपा फुकट असते, तशीच ही समज. परतफेड नको." आपण शिकवण जगून दाखवली असं त्यांना वाटलं. पण गावात सावड नाकारणं म्हणजे संबंध तोडणं.

"माजी सावड तुला नको? मंग आमी काय भीक घेतली तुज्याकडून?" एवढं बोलून दोस्त गेला, तो बोलायचाच थांबला. साडूभाऊ बांधावरून हाका मारायचे, तो मान वर करायचा नाही. मी म्हटलं, जाऊन समजूत काढा. तर म्हणाले, "मी दिलंच ना रे? घेतलं थोडंच?" पण त्यांचं जेवण कमी झालं, आणि वादही. त्या घरात वाद नाही म्हणजे दुखणं आलं, असं मी समजतो.

गेल्या वर्षी ऐन लावणीत ते गोठ्यात घसरले आणि पाय मोडून बसले. रोपं वाढून पिवळी पडायला लागली, आणि गाव आपापल्या चिखलात. लावणीत ज्याचा काडीचा उपयोग नाही अशा मला मेहुणीनं बोलावून घेतलं, यावरूनच तिची हतबलता कळावी. मी पोचलो तर दोस्त, त्याची बायको आणि सुना साडूभाऊंच्या खाचरात वाकलेले, आणि साडूभाऊ ओट्यावरून कासावीस होऊन ओरडत होते, "अरे, जुनी सावड फेडतोस काय?"

"नाय," दोस्त मान वर न करता म्हणाला. "ती तू घेतली नाय, ती सरली. ही फुकट हाय. आता गप बस."

साडूभाऊ खरंच गप्प बसले. डोळे पुसले, पुन्हा भरले. "कृपेवर जन्मभर बोललो," ते मला म्हणाले, "पण फुकट घेणं इतकं जड जातं, हे ठाऊकच नव्हतं."

आता ते जेवणाआधीच्या प्रार्थनेत रोज दोस्ताचं नाव घेतात. मी एकदा जरा चिडवायला विचारलं, "त्याचा प्रभूवर विश्वास नाही. तुमच्या हिशेबानं त्याचं काय होणार?" एरवी त्यांनी मला संध्याकाळपर्यंत सोडलं नसतं. पण या वेळी त्यांनी आधी बांधापलीकडे बघितलं. मग म्हणाले, "शिकवण मला पाठ आहे. पण तो नसला, तर मला स्वर्गातही करमायचं नाही रे."