रिकामा रकाना

सत्तावीस वर्षं आत्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत एकाच स्टुलावर बसून पेशंटच्या गाठींचे काप काढत होती. मेणात बसवलेला तुकडा यंत्रावर लावायचा, केसाहून पातळ काप काढायचा, काचेवर चढवायचा, की पुढचा तुकडा तयारच. मान आखडलेली, पाठ कामातून गेलेली. प्रयोगशाळेत शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत, म्हणून तिच्या सख्ख्या भावाची मुलगी लहानपणी फुरंगटून बसायची.

कारकुनीही आत्याच्याच गळ्यात. तुकड्याबरोबर येणाऱ्या कागदावर एक रकाना असे, घरात आणखी कुणाला कॅन्सर? डॉक्टर तो कोरा सोडत. आता पेशंटला शोधून विचारत कोण बसणार? आत्या एका दमात पन्नास कागदांवर ‘नाही’ लिहून मोकळी व्हायची.

चौदा वर्षांपूर्वी भावाला ऐन चाळिशीत किडनीचा कॅन्सर निघाला, तेव्हा त्याचा तुकडाही तिच्याच टेबलावर आला. दोघांचे वडील त्याच दुखण्यानं गेलेले. पण अहो, हाताला सवय! त्याही कागदावर ‘नाही’ लिहिलं गेलं. भाऊ वर्षभरात गेला, आणि घरच्यांनी नशिबाला बोल लावला.

परवा भाचीच्या दोन्ही किडन्यांत गाठी निघाल्या. वय अठ्ठावीस, पदरात चार वर्षांची मुलगी. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीणबाईंनी आत्याला समजावलं. गाठ रोखून धरणारं एक जनुक असतं, गाडीच्या ब्रेकसारखं. त्याच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. या घरात एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली. किडनीच्या एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली, की तिथे गाठ धरते.

“हिच्या वडिलांच्या वेळी संशय आला असता तर हिचं दरवर्षी स्कॅन केलं असतं,” बाई म्हणाल्या. “वाटाण्याएवढ्या असतानाच गाठी काढल्या असत्या. पण जुन्या कागदावर घरात कुणालाच नाही म्हणून लिहिलंय. कुणी लिहिलं देव जाणे.”

देवाला कशाला मध्ये आणायचं? अक्षर आत्याचंच होतं.

गप्प राहिली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं, उजवी किडनी पुरती जाणार होती, आणि ती पोर वॉर्डात हसत म्हणाली, “आत्या, माझे काप तूच काढ हं. तुझ्यावर भरवसा आहे.”

मग मात्र आत्याला राहवेना. तिनं सगळं सांगून टाकलं. रडायचंसुद्धा त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

भाचीनं बोटांवर वर्षं मोजली.

“चौदा वर्षं, आत्या.”

“हो गं.”

“माझ्या छोकरीलाही असू शकतं?”

“निम्मी शक्यता.”

भाचीनं चादर गळ्यापर्यंत ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं.

“तिची तपासणी कुठे होते ते उद्याच विचार,” ती म्हणाली. “पण कागदाला तू हात लावू नकोस. तो मी भरीन.”