दाजींचं ‘नही’

सकाळी धुळ्यात कामावर निघालो होतो, तेवढ्यात जळगावहून अक्काचा फोन आला. “तुझे दाजी गेले रे... झोपेतच.” दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना जाऊन आता महिना उलटून गेला. भेटायला येणारे म्हणतात, “सुटले बिचारे.” मला तसं म्हणवत नाही. आजारपणातली त्यांची शेवटची वर्षं मी पाहिली आहेत.

दाजी सूतगिरणीत इलेक्ट्रिशियन होते. सगळं आयुष्य तारांत गेलं, पण घरी अक्काला कधी फ्यूजलाही हात लावू दिला नाही. तीही विजेला इतकी भ्यायची, की इस्त्रीचा प्लगसुद्धा त्यांनीच लावायचा. निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अमळनेरकडच्या त्यांच्या अहिराणीतला एकच शब्द जिभेवर उरला, “नही.” जेवता का? नही. मुलीचा फोन आलाय, ऐकता का? नही. हळूहळू त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि ते तसेच पडून राहू लागले.

त्यानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात मी जळगावला गेलो होतो. भर दुपारी दाजींच्या खोलीतला एसी गार हवा देईना. आतला पंखा फिरत होता, पण मागच्या ओट्यावरचं बाहेरचं युनिट नुसतं गुणगुणायचं आणि बंद पडायचं. मेकॅनिक म्हणाला, “या आठवड्यात जमणारच नाही.” डॉक्टरांनी तर उन्हापासून जपायला सांगितलेलं. दाजी घामाने निथळत होते. अक्का त्यांच्या उशाशी बसली आणि रडवेली होऊन म्हणाली, “अहो, तुम्हीच सांगा ना, काय झालंय याला? व्होल्टेज कमी आहे का?”

दाजींनी मान वळवली. स्टॅबिलायझरच्या आकड्यांकडे पाहिलं. “नही.”

“मग गॅस गेला असेल?”

बाहेरची गुणगुण त्यांनी कान देऊन ऐकली. “नही.” पण हा ‘नही’ वेगळा होता... त्यात त्यांचं लक्ष होतं. त्यांची नजर मागच्या दाराकडे गेली. आम्ही त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून ओट्यावर नेलं. वाटेत डाव्या हाताने त्यांनी मेन स्विच दाखवला. तो बंद केला, मग मी युनिटचं झाकण उघडलं. अक्का एकेका भागाकडे बोट करून विचारू लागली. ही तार? नही. हा जोड? नही. वरून फुगलेल्या एका चंदेरी डबीपाशी बोट थांबलं, आणि दाजी काहीच बोलले नाहीत.

“हाच?” अक्काने हात पुढे केला.

“नही! नही! नही!” दाजी खुर्चीचा हात बडवत ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अक्का जागच्या जागी थिजली. वीज बंद केली तरी त्या डबीत, म्हणजे कॅपॅसिटरमध्ये, ती साठून राहते, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? दाजींनी खुणेनेच प्लॅस्टिकच्या मुठीचा पेचकस मागवला, डबीच्या दोन टोकांवर तो आडवा कसा धरायचा ते दाखवलं. मी तसा धरला; टक् असा बारीक आवाज झाला, ठिणगी उडाली. मग त्यांनी श्वास सोडला.

दुकानातून तसाच कॅपॅसिटर मी आणला, पण बसवला अक्काने. युनिट सुरू झालं तेव्हा दाजी आधी हसले आणि मग लहान मुलासारखे रडले. अक्काही रडली. संध्याकाळी त्यांनी आमच्यासोबत बसून खिचडी खाल्ली.

ही बातमी गल्लीत पसरली. तिथे सगळे दाजींना आबा म्हणत. “अक्का, आमना एसी चालू व्हत नही, आबाले जरा इचारा ना,” म्हणत कोणी ना कोणी येऊ लागलं. अक्का त्यांची खुर्ची ढकलत जायची आणि विचारत राहायची. दाजींचा चहा मग शेजाऱ्यांकडेच व्हायचा. भिंतीकडे तोंड करून पडलेलं मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

गेल्या रविवारी अक्काकडे गेलो होतो. ती शेंगदाण्याची चटणी करत होती. मिक्सरचा प्लग लावताना तिचा डावा हात आपोआप पाठीमागे गेला. हे काय, म्हणून मी विचारलं.

“यांनी लावलेली सवय,” ती म्हणाली. “एक हात मागे असला म्हणजे शॉक छातीतून जात नाही म्हणे. मी विसरले, की हे हातातला चहा खाली ठेवायचे आणि तो एकुलता एक चांगला हात पाठीमागे नेऊन दाखवायचे...”

तिने बटण दाबलं. चटणी बारीक झाली, मिक्सर थांबला. तिचा हात मात्र अजून पाठीमागेच होता.