न्यामुसा, डावा किनारा

फेलिझ्मिना सिमांगो बेइरा शहराच्या पूर-इशारा कचेरीत बावीस वर्षं एकाच खुर्चीवर बसली. वरच्या धरणांवरून पाण्याच्या आकड्यांची लांबलचक फाइल यायची. संगणकातलं नियमांचं एक पान, म्हणजे तिने स्वतः लिहिलेला साचा, त्यातून गावागणिक इशारा काढायचा आणि तो रेडिओवर वाचला जायचा. चार वर्षांपूर्वी या साच्याने दोन तास खाल्ले. इशारा तिच्या गावाला, न्यामुसाला, पोहोचला तो पाण्याच्या मागून. त्यात तिची आई गेली. कुणी तिला बोल लावला नाही, पण तेव्हापासून साचा उघडायचं म्हटलं तरी तिला धडकी भरायची.

यंदा फेब्रुवारीत एका सकाळी दहाला फाइल आली. धरणाचे दरवाजे उघडले होते. दीड तासात पाणी न्यामुसात शिरणार होतं, आणि तिथे तिची धाकटी बहीण अमेलिया तीन लेकरांना घेऊन राहत होती. साच्याला मात्र अजूनही दोन तास लागायचे. तिने साचा उघडला.

"हात लावू नकोस, ताई," साहेब झाकारियास म्हणाले. "मोडला तर काहीच निघायचं नाही."

"आणि नाही लावला तर? रेडिओवर श्रद्धांजली वाचायची का?"

दुखणं तिला ठाऊक होतं. प्रत्येक गावासाठी साचा अख्खी फाइल पहिल्यापासून धुंडाळायचा. दोन हजार गावं, दोन हजार पारायणं. कोणत्या गावाचे आकडे कुठे आहेत याची नावांनुसार सूची सुरुवातीलाच एकदा करून ठेवायची, असा नियम तिने घातला. घाईत तीनदा चुकली. मग बटण दाबलं. चाळीस सेकंद!

साहेबांनी टाळ्या पिटल्या आणि रेडिओला फोन लावला. तिने आधी आपलं गाव शोधलं. 'न्यामुसा: धोका नाही.'

तिने ती ओळ पुन्हा वाचली. तिकडे गावाला मुखियाचंच नाव देतात. त्याचे भाऊबंद नदीपलीकडे जाऊन बसले, तेही नाव घेऊनच, म्हणून न्यामुसा दोन; तिचं डाव्या, सखल किनाऱ्यावरचं. उजव्या किनाऱ्यावरचं न्यामुसा उंचावर होतं आणि सूची तेवढंच उचलत होती. जुना साचा किनाराही बघायचा. त्याच गावची लेक घाईत तो विसरली होती.

"साहेब, फोन ठेवा! ठेवा म्हणते ना!"

तिने नावाला किनारा जोडला. पुन्हा चाळीस सेकंद, पण ते सरता सरेनात. 'न्यामुसा, डावा किनारा: आत्ता निघा.'

रेडिओने ते तीनदा वाचलं. पावणेबाराला अमेलियाचा फोन आला.

"शाळेच्या टेकडीवर आहोत गं, सगळे. आपलं घर चाललंय बघ, डोळ्यांदेखत." मग ती म्हणाली, "आईच्या वेळी का नाही जमलं हे, ताई?"

तेव्हाही ते चार ओळींचंच काम होतं. फेलिझ्मिनाचं ते सांगायचं धाडस झालं नाही.