पार्किंगमधली वॉटर स्कूटर

"थांबा, नाकाला विचारून सांगतो."

आमच्या तारनाक्याच्या बिल्डिंगमधले काका कुठल्याही प्रश्नाला आधी हेच उत्तर द्यायचे. कलिंगड घ्यायचंय, वास. पाण्याची मोटर जळली का, वास. एकदा वरच्या मजल्यावर राहायला आलेल्या नव्या जोडप्याशी हात मिळवला आणि ते वळल्यावर हळूच स्वतःचा तळवा हुंगला. मला म्हणाले, "चांगली माणसं आहेत. कढीपत्ता भरपूर घालतात." तुमच्याही ओळखीत असं नाकानं जगणारं कुणीतरी असेल. नसेल तर तुमची बिल्डिंग शांत असणार, मला हेवा वाटतो.

काका रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. घर मूळचं उदगीरकडचं, शेतकऱ्याचं. पण आजोबांपासून हैदराबादेत, त्यामुळे मराठीत 'हौ' आणि 'नक्को' मुक्कामालाच. मी पुण्याची, लग्न होऊन इथं आलेली, आणि सोसायटीची सेक्रेटरी. दुसरं कुणी तयार होईना म्हणून झाले, हे आधीच सांगून ठेवते. काका मला 'सेक्रेटरीबाई' म्हणायचे. मी वरून हसायची आणि आतून धुमसायची.

एका सकाळी टेम्पोतून त्यांनी चक्क एक वॉटर स्कूटर उतरवली. शहराबाहेरच्या तलावावरच्या एका रिसॉर्टनं भंगारात काढलेली. पाण्यावर पळणारी गाडी, आणि ठेवली कुठं, तर आमच्या पार्किंगमध्ये, जुन्या टायरांवर! जिथं नळाला पाणी येतं तेच मेहेरबानी केल्यासारखं!

"काका, हे काय आणलंत?"

"स्कूटर आहे की! पार्किंग कशासाठी असतं, सेक्रेटरीबाई?"

नियमावलीत याला उत्तर नव्हतं. मी खरंच बघून आले.

या सगळ्याचं मूळ काकू. त्या अलिबागच्या. वडिलांच्या रेल्वेतल्या बदलीबरोबर इथं आल्या आणि काकांच्या गळ्यात माळ घालून इथंच राहिल्या. नव्या संसारात एकदा त्यांनी सुनावलं होतं, "कसलं हो तुमचं हैदराबाद, समुद्रसुद्धा नाही!" त्यावर काका छाती काढून बोलून गेले होते, "मी तुला पाण्यावरून फिरवतो की नाही बघ." पुढं मुलं झाली, नातवंडं झाली, दोघांचे गुडघे कुरकुरायला लागले, आणि फिरवणं राहूनच गेलं. काकू ते केव्हाच विसरल्या होत्या. काका नव्हते विसरले.

आता ही स्कूटर पडली जुन्या पद्धतीची, कार्बोरेटरवाली. पेट्रोल आणि हवा कालवून इंजिनाला भरवायचं काम या कार्बोरेटरचं. तोच बिघडलेला. चोक ओढला की इंजिन फुरफुरायचं, चोक सोडला की गप्प! ज्यांनी जन्मभर रेल्वेची डिझेल इंजिनं उघडली-जोडली, त्यांना या वाटीएवढ्या डब्यानं रडवलं. काकांनी पेट्रोल बदललं, प्लग बदलला, राणीगंजच्या बाजारात फिरून आतले रबरी पडदे शोधून आणले. कार्बोरेटर तर इतक्या वेळा रॉकेलनं धुतला, की काकू म्हणाल्या, "नातवाला कधी एवढी अंघोळ घातली नाहीत."

एकदा इंजिन पाच-दहा सेकंद फुरफुरलं आणि असा धूर सोडला, की अख्खं पार्किंग पांढरं झालं. वरच्या मजल्यांवर धडाधड खिडक्या बंद. तळमजल्यावरचे आजोबा नाकाला रुमाल लावून बाहेर आले आणि म्हणाले, "डासांची फवारणीवाले आले ना? जरा आमच्या मोरीकडे पण मारा." काकांनी गंभीरपणे मान डोलावली.

हसायला ठीक आहे, पण मीटिंगमध्ये लोक माझ्यावर तुटून पडले. शेवटी ठरलं, दसऱ्यानंतरच्या रविवारी स्कूटर सगळ्यांसमोर चालू झाली तर राहील, नाहीतर भंगारवाल्याला. नोटीस लावायची कुणी? मीच. काकांनी ती वाचली, मग नाक जवळ नेऊन हुंगली.

"खळ घरची आहे," म्हणाले. "मैद्याची."

मग माझ्याकडे न बघता, "भंगारात नक्को हो, बाई. शब्द दिलाय तिला." मला इतकं वाईट वाटलं, की मी उगाच नोटिशीचा कोपरा दाबत उभी राहिले.

शनिवारी संध्याकाळी काकू चहा घेऊन खाली आल्या, मीही होते. काकांनी नुकताच कार्बोरेटर धुऊन, पुसून, परत बसवला होता. वरचं झाकण उघडंच होतं. शेजारी हळदी-कुंकवाची कुयरी. त्यांनी बोट ओलं करून कार्बोरेटरच्या तोंडाला गोल हळद फासली, कुंकू लावलं आणि वरून चिमूटभर अक्षता टाकल्या.

"हे काय आणि?" काकू म्हणाल्या. "खंडेनवमी झाली की परवा."

"वर्कशॉपची रीत आहे. मशीन उघडलं की पूजा केल्याशिवाय चालू करायचं नाही."

"दर वेळी करता?"

"हौ. दर वेळी."

"मग झाकणाला करा ना."

"झाकणाला कैकू? जीव आत असतो!"

काकू कप हातात धरून वाकल्या, त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "अहो, याच तोंडातून ते हवा आत ओढतं ना? मग तुमची हळद जाते कुठं?"

काकांनी पाना उचलला, कार्बोरेटर पुन्हा काढला, उलटा करून आपटला. आतून अक्षतांचा एक पिवळा दाणा टप्पकन जमिनीवर पडला. त्यांनी नाक लावलं.

"हळद," म्हणाले.

"अगं बाई! अहो काका, इतके दिवस वास नाही आला?" मी ओरडलेच.

"आला की! मला वाटलं, माझ्याच बोटांचा."

काकू हसत सुटल्या. हसता हसता टायरावर बसल्या, चहा पदरावर सांडला तरी थांबेनात. म्हणजे हा माणूस इतके दिवस कार्बोरेटर धुवायचा, मग भक्तिभावानं त्यात पुन्हा हळद भरायचा आणि मग विचारायचा, बिघडलं कुठं!

पुन्हा सगळी बारीक भोकं साफ झाली. पण बटण दाबायला काकांचा हात पुढं होईना. पूजेशिवाय मशीन त्यांनी कधी चालू केलं नव्हतं. काकूंनी कुयरीतलं कुंकू घेतलं आणि त्यांच्याच कपाळावर टेकवलं. "झाली पूजा. दाबा आता." त्यांनी दाबलं. चोक सोडला. आणि ते धूड बिनतक्रार गुरगुरत राहिलं. काकांचे डोळे भरून आले. धुरामुळे, म्हणाले.

रविवारी सगळ्यांसमोर पुन्हा एकदा तेच झालं आणि मी स्वतःच्या हातानं नोटीस फाडली. दुपारी स्कूटर टेम्पोत घालून त्याच रिसॉर्टच्या तलावावर गेलो. काकू साडीवर लाइफ जॅकेट घालून, काखेत पर्स, अन् मागं एका बाजूला पाय सोडून बसल्या, मोंढ्याच्या बाजारात भाजी आणायला निघाल्यासारख्या. काकांनी स्कूटर सायकलच्या वेगानं नेली. वळायची वेळ आली तेव्हा उजवा हात लांब करून रीतसर इशारा दिला. तलावात दुसरं कुणीही नव्हतं.

"काका, हात कुणाला दाखवलात?" किनाऱ्यावर आल्यावर मी विचारलं.

"बगळा होता मागं."

काकूंनी पर्समधून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "समुद्र नाही हा. पण चालेल."

गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. स्कूटर अजून पार्किंगमध्ये आहे आणि तिचा विषय मी कुठल्याही मीटिंगमध्ये निघू देत नाही. निघाला तर मी भांडते.

यंदा खंडेनवमीला काकूंनी माझं दार वाजवलं. हातात पूजेचं तबक. खाली आलो. मी स्कूटरच्या झाकणाला हळद लावायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "झाकण काढ."

काढलं. काकूंनी बोट ओलं केलं आणि कार्बोरेटरच्या तोंडाला गोल हळद लावली, कुंकू लावलं, चिमूटभर अक्षता थेट आत सोडल्या.

"काकू, अहो, बंद पडेल ना."

"पडू दे," त्या म्हणाल्या. "आता मला कुठं जायचंय?"

मग त्यांनी आपली बोटं नाकाशी नेली आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या.